डोईवर चार बोटे

आमच्या भोर गावातील काही उत्साही वाचकांनी यंदा एक स्मरणिका काढावयाचे योजले आहे. पंचक्रोशीतील नामवंतांना त्यांच्या घराने आणि परिसराने कसे घडविले, हा तिचा विषय. त्या नामवंतांत माझे नाव पाहून मला प्रथम संकोच वाटला. पुढे विचार करता उलगडा झाला, की खरे नामवंत केव्हाच पुण्यास स्थायिक झाले असून, भर दुपारी हाक मारली असता ओ देईल असा मीच काय तो उरलो आहे.

इतरांचे लेख मी आदराने वाचले. एका निवृत्त न्यायाधीशांना नीरेच्या काठच्या शांततेने समतोल दिला. एका वैद्यांना परसातल्या अडुळशाने वनस्पतींची गोडी लावली. मला मात्र देवाला स्मरून लिहावयाचे तर असे लिहावे लागेल, की मला एसटी आगारामागच्या एका भाड्याच्या दीड खोलीने आणि त्या घराच्या बुटक्या दाराने घडविले. आणि दाराविषयी लिहावयाचे म्हणजे घरमालकांविषयी लिहिणे आले. ते दार आणि ते मालक यांना निरनिराळे करून सांगणे मला आजवर साधलेले नाही.

मालक एसटीत चालक होते. वेल्ह्याकडच्या डोंगरातून ते भोरला आले आणि भोर आगारातच निवृत्त झाले. उंचीने ते जेमतेम माझ्या हनुवटीपर्यंत पोहोचत. चालकाच्या आसनावर कांबळ्याची जाड घडी घालून ते बसत, तेव्हा कोठे त्यांना काचेतून रस्ता दिसे. समोरून येणाऱ्यास मात्र चक्रामागे केवळ एक टोपी दिसत असे. मार्गासनीच्या बाजाराला निघालेली माणसे गाडी येताना पाहून म्हणत, "आली बगा, आपली आपण चालणारी!" मालकांच्या कानी ते जात असे.  ते गाडी त्या माणसांच्या पुढे चांगली दहा पावले नेऊन थांबवीत.

मी पाठशाळेतून नुकताच बाहेर पडून येथील विद्यालयात संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. परमेश्वराने मला बुद्धी बेताची आणि उंची सढळ हाताने दिलेली. खोली पाहावयास गेलो आणि तोंडाने 'श्रीराम' म्हणत, उजवे पाऊल पुढे टाकत, शास्त्रोक्त रीतीने घरात शिरलो. दुसऱ्याच क्षणी कपाळ चौकटीवर असे आदळले, की डोळ्यांपुढे सप्तर्षी उभे राहिले.

"सांबाऽळा!" ओट्यावरून आवाज आला.

कपाळ चोळीत मी म्हणालो, "मालक, हे अगोदर सांगावयाचे होते."

"आदी सांगितलं की माणूस वर बगतंय. वर बगितलं की नाक फुटतंय. त्यापरीस कपाळ बरं."

खोली मला घ्यावीच लागली. दुसरी परवडत नव्हती. परंतु पहिल्याच संध्याकाळी मी ग्रंथांचे गाठोडे सोडून द्वारप्रमाणाविषयीचे आधार काढले आणि मालकांपुढे जाऊन बसलो. घराच्या दाराची उंची किती असावी, न्यून असल्यास कोणकोणते दोष संभवतात, हे मी त्यांना विस्ताराने समजावून दिले. त्यांनी विडी विझवून सारे ऐकून घेतले.

"त्यो शास्त्रातला माणूस हितं भाड्यानं ऱ्हाणार हाय का?"

"नाही. राहणार मी आहे."

"मग तुमी वाका. शास्त्राला ताठ ऱ्हाऊ द्या."

त्या दाराचा इतिहास मला मागाहून कळला. घर बांधताना गवंड्याने चौकटीची उंची विचारली. मालक त्या जागी जाऊन सरळ उभे राहिले, डोक्यावर चार बोटे आडवी धरली आणि म्हणाले, "हितं." चौकटीची हळदकुंकवाने पूजा झाली, माथ्याला फडक्यात बांधून नारळ लावला आणि मग ती उभी राहिली. पूजा झालेली चौकट हलविण्याची आमच्याकडे रीत नाही. अशा रीतीने एका मनुष्याच्या मापाचे ते दार साऱ्या भोर गावाच्या कपाळी आले.

कामावर नसतील तेव्हा मालक दाराशेजारच्या ओट्यावर बसून राहत आणि येणारा कसा वाकतो ते पाहत. त्यावरून माणूस ओळखता येतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. मामलेदार कचेरीतले एक अधिकारी येऊन गेले, तेव्हा मालक म्हणाले, "ह्यो मानेतनं वाकतोय, कमरेतनं न्हाई. काम करणार न्हाई." आणि खरोखरच काम झाले नाही, अर्थात कोणीही वाकून गेला असता तरी ते काम होण्यासारखे नव्हतेच. त्यांच्या कन्येला पाहावयास राजगडाच्या पायथ्याच्या पालीहून मुलगा आला, तेव्हा मुलाचा मामा दारात आपटला आणि त्याने दाराला शिवी दिली. त्यामागून मुलगाही आपटला, आणि स्वतःशीच हसू लागला. पोहे येण्यापूर्वीच मालकांनी होकार देऊन टाकला.

"अहो, मुलाचे शिक्षण, शेती, काही विचारा तरी!" मी हळूच म्हणालो.

"लागल्यावर हसला गुरुजी. संसार करंल."

ती कन्या आज पालीला सुखाने नांदते आहे. माझी पत्रिका पाहण्याची विद्या त्या प्रसंगानंतर काही काळ बासनातच राहिली.

मालक बहुधा वेल्ह्याच्या मुक्कामाच्या गाडीवर असत. रात्री तिकडे राहून सकाळी परत येत आणि दिवसा झोपत. माझी खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत. त्याच सुमारास मी प्रवचने करू लागलो होतो आणि दुपारी घरी खड्या आवाजात सराव करीत असे. पहिल्याच दिवशी पलीकडून फळीवर बुक्की बसली.

"गुरुजी! देव भैरा न्हाई!"

त्या दिवसापासून मी हळू आवाजात सराव करू लागलो. मागच्या भिंतीपलीकडे आगाराची वाट होती. तेथे गाडी मागे घेताना वाहक शिट्टी फुंके. शिट्टी चालू असेतो माझे मला ऐकू येत नसे, म्हणून मी वाक्याच्या मधोमध थांबत असे. सवय अशी जडली, की देवळात, जेथे गाडी नाही आणि शिट्टीही नाही, तेथेही मी वाक्याच्या मधोमध थांबू लागलो. आणि दारातून शिरताना, दार कितीही उंच असो, मान आपसूक खाली जाऊ लागली.

पुढे लोक म्हणू लागले, की गुरुजींचा स्वर किती मृदू! त्यांचे मौन किती अर्थगर्भ! आणि सभामंडपात शिरतानाचा तो विनय! एका भाविक वृद्धेने तर त्या मौनात आपल्याला प्रत्यक्ष शांतीचा अनुभव आला असे सांगितले. तो अनुभव वस्तुतः वेल्ह्याची गाडी मागे घेतल्याचा होता, हे मी तिला सांगितले नाही. माझी पत्नी स्वभावाने स्पष्ट आणि उंचीने बेताची; तिला त्या दाराचा कधीच त्रास झाला नाही. ती म्हणे, "लोक तुमच्या पाया पडतात ना, तेव्हा थोडे मालकांच्याही पडायला सांगत जा."

मी ते मनावर घेतले, पण माझ्या रीतीने. माझ्या प्रवचनांत त्या दाराचा दृष्टान्त येऊ लागला. एक साधा, अल्पशिक्षित गृहस्थ. त्याने आपल्या घराचे दार जाणूनबुजून ठेंगणे बांधले. का, तर येणाऱ्याचा अहंकार उंबऱ्याबाहेर राहावा म्हणून. हा दृष्टान्त फार चाले. वेल्हे, नसरापूर, भोर, जेथे गेलो तेथे सांगितला. मालकांना मात्र विचारले नाही. एवढी उघड गोष्ट विचारावयाची कशाला, असे मला वाटले.

यथावकाश मी गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचे घर बांधले आणि आयुष्यभराची हौस म्हणून दार चांगले उंच ठेवले. वास्तुशांतीला मालक आले. दारात उभे राहून त्यांनी मान मागे टाकून वर पाहिले.

"गुरुजी, हत्ती पाळायचा इचार हाय का?"

"मोकळे वाटते मालक."

"वाटंल. पण तुमी हितं बिगडणार. घर बदाललं की माणूस बदालतंय."

मी हसलो. परंतु नव्या घरात ना फळीवरची बुक्की होती, ना शिट्टी. वर्षभरात माझा आवाज चढला, मौने नाहीशी झाली आणि प्रवचन संपेनासे झाले. श्रोते मात्र संपत आले. जे उरले ते बहुतेक ऐकू कमी येणारे होते. आता मी प्रवचनाच्या आदल्या दिवशी आगाराच्या बाजूने एक फेरी मारून येतो. ही तपश्चर्या मी कोणास सांगितलेली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मालक ओट्यावरून पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पाय म्हणावा तसा वळला नाही. त्यांची पत्नी पूर्वीच निवर्तली होती. कन्येने त्यांना पालीला नेले. काही महिन्यांनी तिचा मला फोन आला.

"गुरुजी, आबा जेवत न्हाईत. भोरला न्या म्हणत्यात. न्यायला मी तयार हाय, आमी दोघं पाळीपाळीनं तिथं ऱ्हाऊ. पण दार अरुंद, उंबरा उंच, चाकाची खुर्ची त्यातनं जात न्हाई. गवंडी ठरवलाय, तर चौकटीला हात लावायचा न्हाई म्हणत्यात. तुमचं ऐकतील. तुमी या."

माझे ऐकतील, या शब्दांनी मला जो आनंद झाला तो या वयात शोभण्यासारखा नव्हता. स्थापित द्वार कारणपरत्वे बदलता येते, या अर्थाचे आधार मी रात्री शोधून ठेवले आणि सकाळी निघालो. नसरापूर फाट्यावर गाडी बदलून मार्गासनीवरून पालीला पोहोचलो, तेव्हा ऊन चढले होते.

राजगडावर जाणाऱ्या मंडळींना कन्या पिठले-भाकरी करून घालते. त्यासाठी घरापुढे चार खांबांवर पत्रा टाकला आहे. भिंत नाही, दार नाही. त्या पत्र्याखाली मालक चाकाच्या खुर्चीत बसले होते. पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मुले चारी बाजूंनी ताठ मानेने येत होती, "काका, पाणी आहे का?" म्हणून विचारत होती आणि पुढे जात होती. मालक वाळून अर्धे झाले होते. मला पाहताच ते म्हणाले, "या. पण पोथी आणली असंल तर आल्या वाटंनं जावा."

मी पिशवी पाठीमागे सरकवली.

कन्या पीठ माखल्या हातांनी बाहेर आली. "आबा, गुरुजी एवढ्या लांबनं आल्यात. ऐका तरी."

"चौकट हलली तर म्या भोरात पाऊल ठेवणार न्हाई."

"पाऊल ठेवायला पाय तरी चालतोय का? आन् परत पडला तर त्या बिळातनं तुमाला बाहेर कसं काढायचं? मी एकटी?"  ती भीतीपोटी बोलत होती, हे मलाही कळले. दार तसेच राहिले तर ती त्यांना नेणार नव्हती, आणि दार पाडले तर ते जाणार नव्हते. आणि त्या दोहोंमध्ये हा मनुष्य दिवसेंदिवस एकेक घास कमी करीत चालला होता.

पोथीचा मार्ग बंद झाल्याने मी दृष्टान्ताकडे वळलो. सावरून बसलो आणि म्हणालो, "मालक, त्या ठेंगण्या दाराने आपण आम्हाला विनय शिकविलात. अहंकार उंबऱ्याबाहेर ठेवावा, हा आपला हेतू सफल झाला. आता चौकट गेली तरी हरकत नाही. धडा आमच्या अंगी मुरला आहे."

मालक माझ्याकडे पाहत राहिले. "कसला इनय?"

मी सारे सांगितले.

"ह्ये तुमी लोकांस्नी सांगत हुता? देवळात?"

"होय."

"आन् लोक ऐकत हुते?"

"काही जणांचे डोळे भरून येत."

मालक हसू लागले. हसताना खुबा दुखला, तरी थांबेनात. कन्या धावत पाणी घेऊन आली. मलाही तिने उगीचच एक पेला दिला. तो माझ्या तोंडाकडे पाहून दिला असावा.

"गुरुजी," डोळे पुसत ते म्हणाले, "कुणाला वाकवाय म्या दार न्हाई बांदलं. तुमी वाकला त्यो तुमचा परश्न."  गडाच्या वाटेने चाललेली उंच उंच मुले त्यांनी डोळ्यांनी पार वळणापर्यंत नेली. "भरतीच्या टायमाला मापाच्या पट्टीखाली उभं केलं, तवा साहेब हसला हुता. गाडीत बसलो तर लोक म्हणायची, डायवर कुटं गेला? सगळी दुनिया दुसऱ्याच्या मापाची, गुरुजी. बाकडं तसलं, खुंटी तसली. एक दार म्या माज्या मापाचं केलं. त्यात उभा ऱ्हायलो की डोईवर चार बोटं. ना कमी, ना जास्त. आता ती बी काडा म्हणता. हितं तर दारच न्हाई. म्या केवडा हाय त्येच कळंना झालंय."

इतकी वर्षे मी ज्या दारावर बोलत होतो, त्या दाराविषयी मला आज प्रथम काही समजत होते, आणि समजल्यावर बोलावयास काही उरले नव्हते. ते मौन खरोखरीचे होते. त्यात कोणतीही गाडी मागे येत नव्हती. परंतु मौन सहन करण्याची माझी सवय मोडली असल्याने मी उगाच काहीतरी बोललो.

"गवंडी लावायचाच होता, तर माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लावायचा. तेथे एक खिडकी काढून द्या म्हणून मी आपणास किती विनविले होते!"

"शिट्ट्यांनी कान किटले म्हणत हुता, आन् खिडकी कशाला पायजे हुती?"

"वाऱ्यासाठी."

कन्येने मालकांसाठी आणलेले ताट खाली ठेवले. "आबा. मागची भिंत." ती उठून उभीच राहिली. "मागं पायरी न्हाई, उंबरा न्हाई. जमीन सपाट, थेट आगाराच्या वाटंला. दार मागं काडू. मोटं. खुर्ची सरळ जाईल. पुढची चौकट ऱ्हाऊ द्या तुमची."

ही युक्ती माझी, असे मी भोरमध्ये सांगत असतो. कन्या भली आहे. ती खोडून काढत नाही.

मालकांनी बराच वेळ विचार केला. "गाड्या दिसतील?"

"सगळ्या," मी म्हणालो. "शिट्ट्याही ऐकू येतील. भरपूर."

"मग काडा. पण पयल्यांदा घरात जाताना म्या पुढनंच जाणार."

मागचे दार तयार झाल्यावर एका सकाळी टेम्पोतून मालक भोरला आले. घरापुढे माणसे जमली होती. चाकाची खुर्ची पुढून जाणे शक्यच नव्हते, म्हणून आगारातल्या दोघा चालकांनी मालकांना एका लाकडी खुर्चीत बसविले आणि खुर्ची पुढून-मागून उचलली. मी आणि कन्या मागे. मालक ताठ बसले होते, नजर समोर, थेट गाडी चालवीत असल्यासारखी. आपल्या घरात ते सदैव जसे शिरत आले तसेच आताही शिरत होते. कोणाच्याच ध्यानात आले नाही, की उचललेल्या खुर्चीत बसलेला बुटका मनुष्य बुटका राहत नाही.

कपाळ चौकटीवर खाडकन आदळले.

"सांबाऽळा!" मी ओरडलो. तो शब्द, तो हेल आणि ती उशीर करून ओरडण्याची रीत, सारेच त्यांचे होते. माझ्या तोंडून कसे निघाले ते मला ठाऊक नाही.

 मालकांनी कपाळावर हात ठेवला, चौकटीकडे पाहिले, मग मान वळवून माझ्याकडे.

"गुरुजी, असं लागायचं व्हय तुमाला?"

"असेच, मालक."

"लई लागतंय की."

"पहिल्याच दिवशी निवेदन केले होते."

 त्यांनी चालकांना हाताने खूण केली, "मागं घ्या." त्यातल्या एकाने सवयीने तोंडाने शिट्टी घातली. खुर्ची दोन पावले मागे आली. मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पूर्ण कमरेतून खाली वाकले आणि म्हणाले, "हं. डबल बेल." खुर्ची आत गेली. कन्येने पदर डोळ्यांना लावला; पण ती हसतही होती.

त्यांच्याकडे पाहत मी मागोमाग आत शिरलो. शिरलो आणि लक्षात आले, की आपण वाकलोच नाही. पाऊल उंबऱ्यावर होते. मी डोळे मिटून घेतले आणि कपाळाची वाट पाहिली. काहीच झाले नाही. डोळे उघडले तो आत खुर्चीत मालक तोंड उघडून बसलेले. त्यांचे 'सांबाळा' तोंडातच राहिले होते.

"थांबा! गुरुजी, तितंच ऱ्हावा. हलू नका."

मी चौकटीत उभा राहिलो. वयाने माझ्या पाठीला पोक आले आहे, गुडघे पुढे आले आहेत, मान खांद्यांत उतरली आहे. आरशात पाहताना मी हे सारे वैराग्याच्या सदरात घालीत आलो आहे. कन्या जवळ आली. "रागवू नका हं गुरुजी," असे म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात आडवा धरला आणि चौकटीकडे पाहिले.

"आबा," ती म्हणाली, "चार बोटं."

मालकांनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली.

"म्या म्हणत हुतो का न्हाई? दार बरुबरच हुतं. तुमालाच येळ लागला."